पोच

विसरभोळेपणा हा प्राध्यापकांचा खास मक्ता आहे, अशी कालपरवापर्यंत माझी समजूत होती. छत्री वर्गात विसरणे, चष्मा कपाळावर चढवून तो घरभर शोधणे, भाजी आणायला म्हणून निघून ग्रंथालयातून पुस्तक घेऊन परतणे, या गोष्टी मी इतकी वर्षे इतक्या निष्ठेने करीत आलो आहे की, आमच्या घरात आता त्यांची कोणी दखलही घेत नाही. पण यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात माझ्या टेबलावरच्या संगणकाने या बाबतीत माझ्यावर ताण केली. मी फार तर सांगितलेली वस्तू आणायला विसरतो. हा गृहस्थ आणलेली वस्तू आणली हेच विसरू लागला. एकदा आणलेली पत्रे तो पुन्हा आणी, आणि तासाभराने तीच पुन्हा!

हकीकत अशी झाली. दहा वर्षे इमानेइतबारे राबलेला माझा जुना संगणक एका सकाळी जागाच झाला नाही. उत्तरपत्रिका तपासल्याचे मानधन नुकतेच हाती आले होते. त्याच्या खर्चाचे बेत घरातल्या दोघींनी आधीच आखून ठेवले होते. तरी मी धाडस केले आणि नवा संगणक घेऊन आलो. "बाबा, मोबाईलवर सगळी पत्रं दिसतात की!" असे कन्येने मला परोपरीने सांगून पाहिले. तिला काय कळणार? पत्र ही खुर्चीवर बसून, चष्मा पुसून, शक्य तर चहाचा कप शेजारी ठेवून वाचण्याची वस्तू आहे. भाजीच्या रांगेत उभे राहून, अंगठ्याने वर ढकलीत वाचण्याची नव्हे. म्हणून गेली कित्येक वर्षे मी संगणकात एक प्रोग्राम बाळगून आहे. तो सर्व्हरवरून माझी पत्रे घरी आणतो, नीट लावून ठेवतो, आणि माझ्याच सांगण्यावरून मूळ प्रती सर्व्हरवरही राहू देतो. त्याचे नाव मी सांगणार नाही. एक तर घरातले गाऱ्हाणे चारचौघांत मांडू नये. आणि दुसरे म्हणजे त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नव्हता, हे पुढे सिद्ध झाले.

त्या रात्री नऊच्या सुमारास मी स्वतःच्या हाताने तो प्रोग्राम नव्या संगणकात बसवला, नाव-पासवर्ड भरले आणि 'पत्रे आण' म्हणून आज्ञा केली. पडद्याच्या तळाशी आकडे धावू लागले. '२,८४६ पैकी १', '२,८४६ पैकी २'. आपल्याला आजवर इतकी पत्रे आली, या विचाराने ऊर भरून आला. तो थोडा आणखी भरावा म्हणून काही वेळ ते आकडे पाहत बसलो, आणि मग संगणक तसाच चालू ठेवून झोपायला गेलो.

सकाळी पाहतो तो इनबॉक्समध्ये एकवीस हजार एकवीस पत्रे!

"एवढी लोकप्रियता तुम्हाला केव्हा लाभली?" खांद्यावरून डोकावत सौभाग्यवतींनी विचारले.

लोकप्रियता कसली! प्रत्येक पत्र अकरा वेळा आले होते. विजेचे तेच बिल अकरा वेळा. प्राचार्यांची 'हजेरीपत्रके त्वरित सादर करावीत' ही सूचना अकरा वेळा. सगळ्यांत मनाला लागले ते एका संपादकांचे पत्र. माझा एक लेख त्यांनी काही वर्षांपूर्वी 'साभार परत' केला होता. तो घाव मी केव्हाच विसरलो होतो. त्या सकाळी संपादकांनी माझा तोच लेख अकरा वेळा परत केला. आणि दर वेळी साभार!

मी चिकाटीने सारी पत्रे निवडून पुसून टाकली. पुढच्या तासाच्या ठोक्याला प्रोग्राम पुन्हा सर्व्हरकडे जाऊन आला आणि एकोणीसशे अकरा पत्रे माझ्यापुढे ओतून मोकळा झाला. ती पुसली, तर पुढच्या तासाला पुन्हा एकोणीसशे अकरा. पुराणातला रक्तबीज राक्षस मला आठवला. फरक इतकाच की, त्याच्याशी लढायला तिथे साक्षात देवी होती. इथे मराठीचा एक एम. ए. होता.

आमच्या सोसायटीत सल्ल्यांना तोटा नाही. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, "बंद करून चालू करा." ते आयुष्यातल्या सर्व अडचणींवर हाच उपाय सुचवतात. तळमजल्यावरचे एक सद्गृहस्थ म्हणाले, "व्हायरस असणार." तिसऱ्यांनी टेबलाची दिशा बदलून पाहायला सांगितले. मी बंद करून चालू केले, टेबलही फिरवले. एकोणीसशे अकरा पत्रे नव्या दिशेने येऊ लागली.

आणि या साऱ्या गर्दीत नवे पत्र मात्र एकही नव्हते. १२ मार्च २०२४ च्या पुढे पत्रे सरकतच नव्हती. जणू त्या दिवसानंतर जगात मला कोणी काही लिहिलेच नव्हते.

शेवटी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. स्टेशनजवळ त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. त्याला मराठीत अडतीस गुण मिळाले होते आणि त्यांतले तीन मी दयेपोटी दिले होते. तो आला, खुर्ची ओढून बसला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, एरर काय येते?"

"येते काहीतरी. दर वेळी एक चौकट येते."

"काय लिहिलेलं असतं तिच्यात?"

"कोण वाचतो? मी ओके म्हणतो, ती जाते."

तो हसला. "सर, तुम्हीच आम्हाला सांगायचात. प्रश्न नीट वाचा, अर्धं उत्तर प्रश्नातच असतं."

अडतीस गुणांचा असा सूड कोणी घेतला नसेल. मी मुकाट्याने शेजारी स्टूल घेऊन बसलो.

त्याने प्रोग्रामात कुठेतरी एक खूण केली. त्यामुळे प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्यातले सगळे बोलणे एका फायलीत उतरून येऊ लागले. ते संभाषण मला इतके आवडले की, ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. पत्रे आणण्याच्या या पद्धतीचे नावच मुळी 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल' असे आहे. तिची तिसरी आवृत्ती १९८८ साली निघाली, आणि आजही जे नियम पाळले जातात ते जॉन मायर्स आणि मार्शल रोज या दोघांनी मे १९९६ मध्ये लिहून काढले. जुन्या टपालकचेरीसारखाच सारा व्यवहार. प्रोग्राम खिडकीशी जातो. सर्व्हर प्रथम आपण होऊन 'ओके' म्हणतो. म्हणजे 'या' म्हणून स्वागत करतो. प्रोग्राम आपले नाव सांगतो. 'ओके.' पासवर्ड सांगतो. 'ओके.' मग विचारतो, 'माझी पत्रे किती?' 'दोन हजार आठशे शेहेचाळीस.' 'प्रत्येकाची खूण सांगा.' सर्व्हर एकेका पत्राची खूण सांगत जातो. ही खूण म्हणजे एक ते सत्तर अक्षरांची असते. एका पत्राची दुसऱ्या पत्राला नसते.

"आता गंमत इथे आहे सर," विद्यार्थी म्हणाला. "मूळ प्रती सर्व्हरवर ठेवायच्या म्हटल्या, तर कुठलं पत्र आधी नेलंय हे लक्षात ठेवायचं काम सर्व्हरचं नाही, आपल्या प्रोग्रामचं. तो या खुणा एका लहानशा फायलीत टिपून ठेवतो. थंडरबर्डमध्ये त्या फायलीचं नाव पॉपस्टेट असतं, दुसरीकडे आणखी काही. पुढच्या वेळी गेला की रजिस्टर उघडायचं, खुणा ताडून पाहायच्या, ज्या नसतील तेवढीच पत्रं आणायची. रजिस्टर हरवलं, बिघडलं, किंवा सर्व्हर बदलून खुणाच बदलल्या, तर त्याला सगळीच पत्रं नवी वाटतात."

"मग माझे रजिस्टर हरवले आहे?"

त्याने ती फाईल शोधून काढून दाखवली. ती जागेवर होती, पण कोरी होती.

"तुमचा संगणक नवा, म्हणून रजिस्टर पहिल्या दिवशी कोरंच असणार. पण एकदा पत्रं आणल्यावर ते भरायला हवं. तुमच्या प्रोग्रामची रीत अशी दिसते की सगळा व्यवहार नीट संपला, की मगच तो रजिस्टर लिहितो. आणि व्यवहार संपतो कशाने? शेवटी 'क्विट' म्हटल्यावर. निरोप घेतल्यावर. सर्व्हरचाही तोच कायदा. एखादं पत्र पुसून टाका म्हणून सांगितलं, तरी तो ते लगेच पुसत नाही. 'क्विट' ऐकल्यावर पुसतो. मध्येच फोन कटला, तर तो समजतो की काही झालंच नाही."

मला माझी आजी आठवली. घरातून निघताना कोणी 'येतो' म्हटले नाही, तर ती त्याला पायरीवरून परत बोलावी आणि 'येतो' म्हणायला लावी. निरोप घेतल्याशिवाय जाणे हे तिच्या लेखी जाणेच नव्हते. कार्यालयातले, प्रवासातले, लग्नकार्यातले सारे काम एका बाजूला आणि तो शेवटचा एक शब्द दुसऱ्या बाजूला. आजीचा हा नियम दोन संगणकतज्ज्ञांनी आपल्या नियमावलीत घातलेला पाहून मला फार बरे वाटले.

"तर तुमचा प्रोग्राम निरोप घ्यायच्या आधीच कुठेतरी अडखळतोय," तो म्हणाला आणि फायलीत खाली खाली जाऊ लागला. "हे बघा. एकोणीसशे अकरा पत्रं व्यवस्थित. एकोणीसशे बारावं मागितलं. येऊ लागलं. आणि पुढे टिंब नाही."

"टिंब?"

"पत्र संपलं हे कळायला सर्व्हर शेवटी एका ओळीवर नुसतं एक टिंब पाठवतो. ते टिंब आलं की पत्र पुरं. ते आलंच नाही. वाट पाहून पाहून प्रोग्रामने फोन ठेवून दिला."

आता मात्र मी माझ्या प्रांतात आलो. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी शेवटाची मुद्रा असे. पत्र इथे संपले, याखाली कोणी काही वाढवले असेल तर ते आमचे नव्हे, असा तिचा अर्थ. मी हे विद्यार्थ्याला सांगितले. तो म्हणाला, "तेच टिंब, सर." वर्गात पाच वर्षे जे त्याला कळले नव्हते, ते त्याला अर्ध्या मिनिटात कळले आणि मला त्याचे दयेचे तीन गुण आता हक्काचे वाटू लागले.

टिंब का येत नव्हते, याचाही त्याने छडा लावला. नव्या संगणकाबरोबर एक अँटीव्हायरस आला होता. हा पहारेकरी दारात उभा राहून प्रत्येक पत्र आधी स्वतः फोडून वाचत होता. लहान पत्रे तो चटकन आत सोडी. पण एकोणीसशे बारावे पत्र चांगले अठरा मेगाबाइटचे होते. ते हातात घेऊन तो तपासत बसे. आत वाट पाहणारा प्रोग्राम कंटाळून व्यवहार मोडून टाकी. निरोप राही, रजिस्टर राही. आणि तासाभराने 'श्रीगणेशा'पासून पुन्हा सुरुवात. जुन्या संगणकावर हा पहारेकरी नव्हता, म्हणून तिथे ते पत्र बिनबोभाट आले होते.

"कुणाचं आहे बघू या," म्हणत त्याने ब्राउझरमधून माझी टपालपेटी उघडली आणि बारा मार्चच्या पुढच्या पत्रावर बोट ठेवले.

मी नाव वाचले आणि मला स्टुलावर बसवेना.

ते पत्र आमच्या गुरुजींचे होते.

वाईजवळच्या आमच्या गावी प्राथमिक शाळेत त्यांनी मला चार वर्षे मराठी शिकवले. आता त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. मी मराठीचा प्राध्यापक झालो, यात माझ्यापेक्षा त्यांचाच वाटा मोठा. पत्रलेखन तर ते असे शिकवीत की, परीक्षेतल्या दोन गुणांसाठी कोणी एवढा घाम गाळीत नसे. पंधरा पैशांचे खरे पोस्टकार्ड ते स्वतःच्या खर्चाने प्रत्येक मुलाला देत, त्यावर मामाला किंवा आत्याला पत्र लिहून घेत आणि स्वतः पेटीत टाकीत. त्यांचा एक नियम होता. आलेल्या पत्राचे उत्तर सवडीने द्यावे, पण पोच त्याच दिवशी द्यावी. "उत्तराला विचार लागतो. पोचेला फक्त माणुसकी लागते," असे ते म्हणत. मग फळ्यावर 'पोच' हा शब्द लिहून ते त्याचे दोन अर्थ सांगत. एक, मिळाल्याची खबर. दुसरा, जाण, समज. जशी 'त्याला काही पोच नाही' असे म्हणताना आपल्या मनात असते ती. "पहिली पोच न देणाऱ्याला दुसरी नसते," हे त्यांचे वाक्य झाले की आम्ही सारे हसत असू. मीही हसत असे.

नातीच्या मदतीने गुरुजी अलीकडे ई-मेल लिहायला शिकले होते. व्हॉट्सअॅप त्यांना मानवले नाही. त्या चावडीवरच्या गप्पा. ई-मेल म्हणजे पत्र, असे त्यांचे मत. १३ मार्च २०२४ च्या त्या पत्रात त्यांनी लिहिले होते की, गावात बोलले जाणारे आणि आता बंद पडत चाललेले शेतीचे शब्द त्यांनी एका वहीत उतरवून काढले आहेत, वहीच्या बेचाळीस पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत, 'तुम्ही विद्यापीठात शिकलेले आहात, सवडीने नजर टाकून चुका दाखवाव्यात, तूर्त पोच द्यावी.'

विद्यार्थ्याला वर्गात 'अरे' म्हणणारे गुरुजी लिहिताना मात्र त्याला 'तुम्ही' म्हणत. पत्रातली रीत त्यांनी सोडली नव्हती.

आता मला खरे सांगितले पाहिजे. ते पत्र मला मिळाले होते. जुन्या संगणकावर मी ते उघडले होते. बेचाळीस पाने पाहून मनात म्हटले होते, हे उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू. मराठीच्या प्राध्यापकाकडे अशा वह्या बऱ्याच येतात. कोणाच्या कविता, कोणाचे आत्मचरित्र, कोणाच्या कुलाचा इतिहास. त्यांतलीच ही एक, अशी मनाने तिची वर्गवारी करून टाकली होती. इतकेच नव्हे, तर पंधरा-वीस दिवसांनी गुरुजींची आणखी एक ओळ आली होती: 'वही पाठवली होती. पोच नाही. मिळाली असल्यास कळवावे.' तीही मी वाचली होती. उत्तर सविस्तर द्यायचे म्हणून पोच राहिली. पोच राहिली म्हणून उत्तर लिहायची लाज वाटू लागली. आणि लाज वाटू लागल्यावर ते पत्र दिसू नये, अशी सोय मनाने आपोआप केली. हे सारे अगदी सभ्यपणे झाले. माणूस विसरतो म्हणजे बहुधा असेच विसरतो.

"सर, हे डिलीट करू का? म्हणजे प्रश्नच मिटेल," विद्यार्थी विचारीत होता.

"नको, नको!" मी जवळजवळ ओरडलोच.

"मग हलवतो. या पद्धतीने प्रोग्रामला सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स दिसतो. दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकलं, की ते त्याच्या वाटेतून बाजूला होईल, आणि तुमच्याजवळही राहील."

त्याने तसे केले. पहारेकऱ्याचे पत्रे फोडण्याचे काम तेवढे काढून घेतले. पत्रासोबतच्या फायली उघडताना तो तपासणारच आहे, असेही सांगितले. मग प्रोग्रामला आज्ञा केली. आकडे धावू लागले. एकोणीसशे अकरा. एकोणीसशे बारा. मी श्वास रोखून धरला होता. चौदा महिन्यांची अडलेली पत्रे धडाधड आत आली. दोन हजार आठशे पंचेचाळिसाव्या पत्राचे टिंब आले, प्रोग्रामने 'क्विट' म्हटले, सर्व्हरने 'ओके' म्हटले. कोरे रजिस्टर भरले. जास्तीच्या प्रती निवडून काढणारी एक लहानशी सोय त्याने जोडून दिली, आणि तासाचा ठोका पडेपर्यंत आम्ही चहा घेत बसलो. ठोका पडला. 'नवीन पत्रे नाहीत.' इतके गोड वाक्य मी बऱ्याच दिवसांत वाचले नव्हते.

"मोठं पत्र आहे सर, महत्त्वाचं असेल," जाता जाता तो म्हणाला. पैशांचे नाव काढू दिले नाही. दारात चपला घालताना मात्र आवर्जून म्हणाला, "येतो, सर."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी वही वाचायला बसलो. चुका काढायला म्हणून पेन्सिल हातात घेतली होती. ती शेवटपर्यंत टेकवावी लागली नाही. रुमणे, शिवळ, चाडे, तिवडा. एकेका शब्दापुढे वळणदार अक्षरात अर्थ, ती वस्तू कशाची करीत, कुठे लावीत, आणि शेजारी लहानसे चित्र. मोटेच्या पानाशी मी थबकलो. मोट वर आली की ज्या दगडी कुंडीत पाणी ओतले जाते ते थारोळे. गेली वीस वर्षे मी वर्गात शिकवतो आहे. माझ्या विद्यार्थ्यांना थारोळे माहीत आहे ते फक्त वर्तमानपत्रातले, रक्ताचे. पाण्याने डुंबलेले, ज्याच्या काठावर पोरे दुपारी पाय सोडून बसत, ते थारोळे त्यांना कोणी सांगितले नाही. मीही सांगितले नाही. कारण खरे म्हणजे मीही ते विसरलो होतो, आणि आमच्या गावच्या त्याच थारोळ्यात मी लहानपणी पाय सोडून बसलो होतो.

घड्याळात साडेनऊ झाले होते. सौ. म्हणाली, "अहो, आता फोन नका करू. म्हातारं माणूस, झोपले असतील." तिला म्हणायचे होते ते निराळेच होते, आणि मलाही भीती त्याचीच वाटत होती. चौदा महिने म्हणजे ऐंशीच्या पुढच्या माणसाला थोडे नव्हेत. पण सकाळपर्यंत थांबणे म्हणजे पुन्हा तेच झाले असते. मी नंबर लावला. बराच वेळ घंटा वाजत राहिली. नातीने फोन घेतला. मी नाव सांगितले. ती काही न बोलता कुठेतरी चालत गेली. तिच्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता.

"कोण?" आवाज तोच होता, थोडा खोल गेलेला.

मी नाव सांगितले. क्षमा कशी मागावी याची मनात जुळवलेली तीन वाक्ये होती. त्यांतले एकही आठवेना.

"पोचलं का रे?" गुरुजींनी विचारले.

"पोचलं, गुरुजी."

"मग झालं." आणि जरा थांबून, "मी म्हटलं, पत्ता चुकला असणार. पोरीला तीनदा ताडून बघायला लावला. तू पोच दिल्याशिवाय राहायचा नाहीस."

रागावले असते तर बरे झाले असते. मी म्हणालो, "गुरुजी, पत्ता बरोबर होता. मीच चुकलो."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "वाचलंस?"

"आज सबंध वाचलं. एकही चूक नाही."

"असं कसं होईल? बघ नीट. मला आता दिसत नाही रे. गेल्या दिवाळीपासून काचबिंदूने दोन्ही डोळे धरले. वहीत अजून शब्द घालायचे राहिलेत. रोज एखादा आठवतो, आणि लिहायला घेतला की ओळ सापडत नाही. तू लवकर बघून दिली असतीस, तर पुढचे घातले असते..." आणि लगेच स्वतःच म्हणाले, "बरं, असू दे. तुला कामं असतात."

'असू दे' हा शब्द ते वर्गातही वापरीत. चूक माफ केली म्हणून नव्हे, तर चूक ज्याची त्याला कळली अशी खात्री पटली म्हणजे.

विद्यार्थ्याने माझ्या संगणकाचा दोष अर्ध्या तासात काढला. त्या यंत्राचे मला आता कौतुक वाटते. त्याचा व्यवहार पुरा झाला नव्हता, म्हणून ते बिचारे दर तासाला पहिल्या पत्रापासून पुन्हा सुरुवात करीत होते. अपुऱ्याला पुरे म्हणायला तयार नव्हते. विसरभोळे म्हणून मी त्याला नावे ठेवली. मी मात्र टिंब न देता, निरोप न घेता, चौदा महिने रजिस्टरात 'झाले' असे लिहून मोकळा झालो होतो. गुरुजींच्या डोळ्यांपुढची ओळ दिसेनाशी होण्याआधीचे ते महिने होते. ते कोणत्याही सर्व्हरवर शिल्लक नाहीत.

फोन झाल्यावर मी टेबलाशी बसलो आणि गुरुजींना पत्र लिहिले. नात वाचून दाखवील. त्यांनी शिकवल्याप्रमाणेच सुरुवात केली, पत्र पावले म्हणून. मग सविस्तर उत्तर लिहिण्याचा मोह आवरला आणि एवढेच लिहिले की, दिवाळीच्या सुट्टीत वही आणि पेन घेऊन येतो. तुम्ही सांगा, मी लिहीन.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मी गावी, त्यांच्या ओसरीवर बसलेला असेन. घरातून निघताना छत्री, चष्मा आणि आणखी दोन-चार गोष्टी विसरणार, याबद्दल आमच्या घरात कोणाला शंका नाही. सौ.ने वही मात्र आठवणीने पिशवीत आधीच घालून ठेवली आहे.